उंबरठ्यावरून उठलेला उमेदवार

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत येऊन इतका मुरला आहे की, त्याच्या पोटात ‘उमेद’ म्हणजे आशा आहे हे आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. परंतु एके काळी ही उमेद उराशी धरून माणसे कचेरीच्या ओट्यावर प्रत्यक्ष बसून राहत असत. कंपनी सरकारचा अंमल बसल्यानंतर मामलेदार कचेऱ्यांतून आणि कलेक्टर कचेऱ्यांतून ज्याला कारकुनी हवी असे, असा मोडी अक्षर बरे असलेला आणि हिशेबाची जाण असलेला तरुण कोणा शिरस्तेदाराच्या किंवा अव्वल कारकुनाच्या आश्रयाने कचेरीत येऊ लागे, दप्तरे सोडी-बांधी, नकला करी, सांगितलेले निरोप पोचवी, आणि कोणी निवर्तला, कोणी बदलून गेला किंवा कोणाला बढती मिळाली म्हणजे रिकाम्या झालेल्या जागी आपले नाव सुचविले जाईल, या भरवशावर महिनोन् महिने बिनपगारी राबत असे. यालाच ‘उमेदवारी करणे’ म्हणत. या व्यवस्थेत लेखी अर्जाला फारशी किंमत नव्हती, कारण अर्जदार स्वतःच अर्ज होऊन समोर बसलेला असे, आणि त्याचे रोजचे दर्शन हेच त्याचे स्मरणपत्र असे. मात्र ज्याच्या घरी वर्षभर बिनपगारी बसण्याइतकी भाकरी होती आणि ज्याचा मामा किंवा सासरा कचेरीत ओळखीचा होता, त्यालाच ही उमेदवारी परवडत असे; बाकीच्यांची उमेद वेशीच्या आत पोचतच नसे.

नोकरीसाठी अर्ज दिल्यानंतर उत्तराची वाट पाहत असता विनयाने आठवण कशी द्यावी, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे, आणि तो वरवर पाहता शिष्टाचाराचा, म्हणजे मायना कसा लिहावा आणि शेवटी ‘आपला नम्र’ लिहावे की ‘आपला विश्वासू’, एवढ्यापुरता दिसतो. मला तो त्याहून मोठा वाटतो. ज्या दिवशी दूर गावच्या, ओळखपाळख नसलेल्या, पंधरा दिवसही बिनपगारी बसण्याची ऐपत नसलेल्या मुलाला चार ओळींच्या कागदाने ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारण्याची सोय झाली, त्या दिवशी तो उमेदवार कचेरीच्या उंबरठ्यावरून उठून आपल्या घरी, आपल्या मानाने बसू शकला. स्मरणपत्राची सारी रीत, त्यातला विनय, त्यातला आवर आणि त्यातला हक्क, ही या एका गोष्टीतून उगवते असे मी मानतो.

उत्तर मागण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पेशवाईतली पत्रे पाहावीत. लहानाने थोरास लिहिलेल्या पत्राचा मजकूर ‘विज्ञापना’ या शब्दाने सुरू होई आणि ‘हे विज्ञापना’ म्हणून संपे, आणि प्रारंभीच्या कुशलवृत्तातच ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे वाक्य जवळजवळ ठशासारखे उमटलेले असे. या वाक्याकडे आपण निव्वळ उपचार म्हणून पाहतो; पण त्यात लेखकाने आपले वर्तमान आधी कळविले आहे आणि मगच समोरच्याचे मागितले आहे, शिवाय ‘लिहावे’ असे न म्हणता ‘लिहीत जावे’ म्हटल्याने उत्तराचा तगादा न होता पत्रव्यवहाराचा धागा राखण्याची विनंती झाली आहे. उत्तम स्मरणपत्राचे मर्म या जुन्या वाक्यात आहे, आणि ज्यांना आठवण द्यायची म्हणजे लाचारी करावयाची असे वाटते त्यांनी ते एकदा सावकाश वाचावे.

पुढे टपाल आले. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि त्यानंतर जोडकार्डही निघाले. त्यातले एक अंग आपण लिहावयाचे आणि दुसरे कोरे अंग, त्याचे टपालमूल्य आधीच भरलेले, ज्याच्याकडून उत्तर हवे त्याने फाडून परत पाठवावयाचे. गरीब अर्जदाराला याहून शालीन साधन दुसरे मिळाले नसते. उत्तराचा खर्च तुमच्या माथी नको, कागद शोधण्याचा त्रास नको, माझा पत्ताही मीच लिहून दिला आहे, तुम्ही फक्त एक ओळ लिहा, असे ते कार्ड न बोलता बोलत असे. या कथेत नाशिकचा वाटा मोठा आहे, हे नाशिककरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. हिंदुस्थानची टपाल तिकिटे सुमारे सत्तर वर्षे लंडनच्या द ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ साली नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि तेव्हापासून टपाल तिकिटे, कार्डे, पाकिटे, कोर्ट फीचे स्टॅम्प हे सारे गोदावरीच्या या मुलखात छापले जाऊ लागले. देशातल्या कोठल्याही गावच्या मुलाने कोठल्याही कचेरीला जी आठवण धाडली, तिच्यावरचा ठसा बहुधा नाशिक रोडचा होता. आणि त्याच नाशिक रोडच्या छापखान्यात आपल्याला चिकटवावे म्हणून पंचक्रोशीतली कैक मुले पिढ्यान् पिढ्या अर्ज करीत आली, कारण ‘प्रेसमध्ये लागला’ या दोन शब्दांना येथील लग्नाच्या बैठकीत वजन होते.

टपालापाठोपाठ आठवणीची आणखी एक वाट निघाली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांची सोय लावण्यासाठी १९४५ साली सरकारने रोजगार विनिमय केंद्रे काढली, १९४८ साली ती सर्वांना खुली झाली आणि १९५६ च्या नोव्हेंबरात त्यांचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी खात्यांना आणि मोठ्या खाजगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा या केंद्रांना कळविणे बंधनकारक झाले. ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ हा शब्द पुढे तीन-चार दशके मध्यमवर्गीय मराठी घरांत रेशनकार्डाइतकाच परिचित होता. त्या कार्डाचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागे, आणि ते राहून गेले तर नाव यादीतून गळून ज्येष्ठता जाई, म्हणून आया मुलांना तारखेची आठवण करून देत. नूतनीकरण ही सरकारने स्वतःच घालून दिलेली आठवणीची रीत होती: मी अजून आहे, मला अजून काम हवे आहे, माझा पत्ता हाच आहे, एवढेच सांगावयाचे आणि परत यावयाचे. तेथे कोणी कारकुनापुढे गयावया करीत नसे, कारण तो व्यवहार नियमाचा होता.

अर्ज एकदा कचेरीच्या दारात शिरला की त्याचे काय होते, हे बहुतेक अर्जदारांना कधीच दिसत नाही, आणि न दिसल्यामुळेच त्यांची आठवण कधी उतावीळ तर कधी दीन होते. मला ते पाहावयास मिळाले ते असे. नाशकात शिकत असताना मी एका कचेरीत लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुदत संपून पंधरवडाही लोटला नव्हता तोच मी आठ दिवसांत तीन पत्रे टाकली आणि चौथ्या खेपेस स्वतःच जाऊन उभा राहिलो. आवक-जावक बारनिशी सांभाळणारे एक वयस्क भाऊसाहेब खिडकीशी बसले होते. त्यांनी माझे नाव विचारले, कापडी पाठीची लांबट वही ओढली, जिभेला बोट लावून पाने उलटली आणि रकान्यांवरून नखाने खाली खाली येत चार ठिकाणी थांबले. प्रत्येक ठिकाणी माझेच नाव होते, पण चार निराळे आवक क्रमांक होते, चार तारखा होत्या आणि शेवटच्या रकान्यात कागद ज्या टेबलाला गेला त्या टेबलाची खूणही सारखी नव्हती. मी माझ्या तिन्ही पत्रांत मूळ अर्जाची तारीख लिहिली नव्हती, कोणत्या पदासाठी अर्ज केला तेही लिहिले नव्हते; त्यामुळे प्रत्येक पत्र नवा कागद म्हणून नोंदले गेले आणि निरनिराळ्या वाटांनी आत गेले.

“बाळ, तू माणूस एकच आहेस, पण आमच्या वहीत चार झालास,” ते म्हणाले.

त्यांनी मला कोरा कागद दिला, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख सांगितली आणि दोन ओळी लिहावयास लावल्या. मग म्हणाले, “आता हे बाकीचे कागद शोधून त्याच्या पाठीला लावतो. तू जा घरी. निवडीची यादी साहेबांपुढे जायला अजून तीन आठवडे आहेत.” ती जागा मला मिळाली नाही, आणि ती मिळण्याइतकी माझी पात्रताही नव्हती, परंतु ‘पाठीला लावतो’ हे त्यांचे शब्द मनात राहिले. ‘पाठपुरावा’ आणि ‘पिच्छा पुरविणे’ हे दोन प्रयोग मराठीत शेजारी शेजारी नांदतात. मूळ अर्जाच्या पाठीला नीट लागणारा कागद पाठवील तो पाठपुरावा करतो. माणसाच्या पाठीस लागेल तो पिच्छा पुरवितो.

त्या वहीमागे एक शास्त्र आहे, आणि ते महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत चांगले विकसित झालेले आहे. आलेला कागद आवक नोंदवहीत चढतो, तेथून संबंधित कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत जातो, आणि कारकुनाचे दप्तर सहा गठ्ठ्यांत लावलेले असावे असा दंडक आहे. त्यात ज्यांवर काम व्हावयाचे ती प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात, ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहिली जात आहे ती प्रतीक्षेतील प्रकरणे दुसऱ्या गठ्ठ्यात, स्थायी आदेश निराळे, आणि थोड्या काळाने नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागदही निराळे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे कलेक्टर अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीतल्या कागदांचे वर्गीकरण, टेबलांची मांडणी आणि येणाऱ्या लोकांची वाट यांची जी घडी बसविली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली; तिच्यामागचा विचार हाच होता की, समोर आलेल्या माणसाला त्याचा कागद कोठे आहे हे ताबडतोब सांगता आले पाहिजे. ज्या अर्जदाराला एवढे कळले की आपला अर्ज ‘प्रलंबित’ असू शकतो किंवा ‘प्रतीक्षेत’ असू शकतो, आणि या दोन अवस्था भिन्न आहेत, त्याचा प्रश्नच बदलतो. ‘मला नोकरी मिळेल का?’ या प्रश्नाचे उत्तर कारकुनापाशी नसते आणि असले तरी ते देण्याचा त्याला अधिकार नसतो. ‘माझा अर्ज पोचला का, छाननी झाली का, पुढली पायरी सुमारे कधी?’ याचे उत्तर त्याच्या टेबलावर असते. जे देता येण्याजोगे आहे तेवढेच मागणे, हा विनयाचा गाभा आहे. हात जोडणे आणि ‘कृपया’ लिहिणे ही त्याची वस्त्रे आहेत.

एक परदेशी उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे थोर शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे हा आरंभी लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार, अगदी जुन्या अर्थाने उमेदवार. विज्ञानाच्या क्षेत्रात कितीही हलके काम मिळाले तरी चालेल, असे पत्र त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना लिहिले आणि उत्तरासाठी सोसायटीच्या दाराशी पुन्हा पुन्हा चौकशी केली. शेवटी पत्राला उत्तर नाही, एवढाच निरोप दारावरून मिळाला. १८१२ साली त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे त्याने स्वच्छ लिहून, आकृत्या काढून, स्वतःच्या हाताने बांधून डिसेंबरात डेव्हींकडे पाठविली, आणि २४ डिसेंबरला डेव्हींचे उत्तर आले की, आपण बाहेरगावी जात आहोत, जानेवारी अखेरीस परतल्यावर भेटू. भेट झाली, पण जागा रिकामी नव्हती. फॅरेडे दुकानात परत गेला आणि आपले काम करीत राहिला. पुढे डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाला काढून टाकावे लागले, आणि १ मार्च १८१३ रोजी आठवड्याला पंचवीस शिलिंगांवर फॅरेडेची नेमणूक झाली. बँक्स यांच्या दाराशी घातलेले खेटे वाया गेले, कारण त्यामागे केवळ गरज होती. डेव्हींना पाठविलेल्या बांधीव वहीत काम कसे होईल याचा नमुना होता, आणि जागा नसल्याचे कळल्यावर त्याने जो धीर धरला त्यामुळे जागा होताच डेव्हींना त्याचेच नाव आठवले.

बरोबर नव्याण्णव वर्षांनी, १९१२ च्या मार्चच्या पहिल्याच तारखेला, श्रीनिवास रामानुजन यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांची कारकुनी मिळाल्याचे कळले. त्यांचा अर्ज ९ फेब्रुवारीचा होता, त्यासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र होते, आणि शिक्षण अर्धवट राहिल्याची गोष्ट त्यात लपविलेली नव्हती. पुढल्या वर्षी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना त्यांनी १६ जानेवारीला पत्र लिहिले, ८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर धाडले, आणि २७ फेब्रुवारीच्या रामानुजन यांच्या दुसऱ्या पत्रात पुन्हा नवी सूत्रे होती. दुसरे पत्र लिहावयाचे तर त्यात पहिल्यात नव्हते असे काही असावे, हे यावरून घेण्यासारखे आहे.

आता नाशिकच्या आजच्या मुलाकडे वळू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूर व पुढे अंबड येथील वसाहती कारखान्यांनी भरल्या. १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना आला. त्र्यंबक रस्त्यावरच्या आय.टी.आय.तून फिटर किंवा टर्नर होऊन बाहेर पडलेला मुलगा अजूनही पुष्कळदा ‘गेटवर बायोडाटा टाकतो’, म्हणजे सातपूर-अंबडच्या रस्त्यांनी सकाळपासून फिरत एकेका फाटकापाशी रक्षकाच्या हाती आपला कागद देतो. ते कागद पुढे टाइम ऑफिसात जातात की केबिनमधल्या खोक्यात पडून राहतात, हे त्याला कळत नाही. अशा मुलाने रक्षकाला ‘काका, हा कागद कोणाकडे जाईल?’ एवढे विचारून त्या अधिकाऱ्याचे पद आणि खात्याचा ई-पत्ता टिपून घेतला, तर त्याच्या पाठपुराव्याचा अर्धा मार्ग तेथेच सरला. कारण नाव-पत्त्यावाचून आठवण द्यावयाची तरी कोणाला? त्याच दिवशी घरच्या वहीत कंपनी, पद, तारीख, कोणाच्या हाती दिले, हे चार रकान्यांत लिहून ठेवावे. भाऊसाहेबांच्या वहीचे प्रतिबिंब आपल्या घरी असले म्हणजे दोन वह्या एकमेकींशी बोलू शकतात.

खाजगी आस्थापनेत अर्जाची अखेरची तारीख गेल्यावर साधारण दोन आठवडे थांबावे, असे मी सांगेन. अखेरची तारीख दिलेलीच नसेल तर अर्जाच्या तारखेपासून मोजावे. त्याआधी आलेली आठवण ही छाननी सुरू होण्यापूर्वीच आलेली असते आणि तिला खरे उत्तर देणेच शक्य नसते. पत्र मूळ अर्जाच्याच ई-पत्राला उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे मागचा कागद त्याच्या पाठीला आपोआप लागलेला राहतो. मजकूर एवढा पुरे:

“महोदया, आपल्या जाहिरातीस अनुसरून ‘स्टोअरकीपर’ या पदासाठी मी दिनांक ३ जून रोजी अर्ज पाठविला आहे. तो आपणांस मिळाला असल्याची, तसेच निवडीची पुढील पायरी सुमारे केव्हा अपेक्षित आहे याची माहिती मिळाल्यास आभारी होईन. अर्जानंतर मी साठा-नोंदीच्या संगणकीय पद्धतीचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आपली विश्वासू,” आणि खाली नाव व दूरध्वनी क्रमांक.

यात ‘दिनांक’ आहे आणि ‘क्रमांक’ आहे. हे दोन्ही शब्द मराठीत रूढ करण्याचे श्रेय नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांना दिले जाते, आणि स्मरणपत्राचे हे दोन खरे खांब आहेत. यात काय नाही, तेही पाहावे. ‘लवकरात लवकर कळवावे’ नाही, कारण तो हुकूम आहे, मग त्याच्या आधी कितीही वेळा ‘कृपया’ लिहिले तरी. ‘घरची परिस्थिती अत्यंत बिकट असून’ हेही नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याची वेदना मी जाणतो, कारण ते बहुधा खरेच असते. पण वाचणाऱ्या अधिकाऱ्यापाशी अशी पन्नास पत्रे असतात, त्याला त्या दुःखांची तुलना करता येत नाही, आणि लिहिणाऱ्याने मात्र आपल्या घराची आब एका अनोळखी टेबलावर उघडी टाकलेली असते. ‘आपला आज्ञाधारक सेवक’ ही सही मी तर आता कोणालाही करू देणार नाही. जो अजून सेवेत नाही तो सेवक नाही, आणि आज्ञा अजून कोणी केलेलीच नाही.

दूरध्वनी करावा का? जाहिरातीत क्रमांक दिला असेल तर एकदा करावा. सोमवारी सकाळी नको, पाळी बदलण्याच्या वेळी नको, जेवणाच्या सुट्टीत नको. साधारण अकरा-साडेअकरा किंवा तीन-साडेतीनची वेळ बरी. पहिले वाक्य ‘मॅडम, दोन मिनिटे बोलता येईल का?’ हे असावे, आणि ‘आत्ता नको’ असे उत्तर आले तर ‘कधी करू?’ एवढे विचारून ठेवून द्यावा. व्हॉट्सॲपवर रात्री संदेश टाकून निळ्या खुणा झाल्या की नाही हे दर तासाला पाहणे, हा नव्या काळातला ओट्यावर बसण्याचा प्रकार आहे. त्यात उमेदवाराचा जीव उगाच झिजतो. मुलाखत झाली असेल तर मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे आभारपत्र जाऊ द्यावे, आणि मुलाखतीत एखाद्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहिले असेल तर तेही एका वाक्यात पुरे करावे.

सरकारी भरतीची गोष्ट अगदी निराळी आहे, आणि येथे अनेक मुले हित करू जाता अहित करून घेतात. सरकारी, निमसरकारी आणि बँकांच्या जाहिरातींत वशिला किंवा दबाव आणणाऱ्याची उमेदवारी रद्द होईल, अशा अर्थाची अट असते, आणि ती शोभेसाठी लिहिलेली नसते. आमदारांच्या लेटरहेडवर आणलेली ‘केवळ चौकशी’ ही चौकशी राहत नाही. स्वतः नाव, अर्ज क्रमांक आणि जाहिरात क्रमांक देऊन अर्जाची स्थिती विचारणे हा पाठपुरावा. तेच दुसऱ्याच्या तोंडून, त्याच्या पदाचे वजन घालून विचारविणे हा वशिला. प्रक्रियेचे टप्पे संकेतस्थळावर जाहीर होत असतात, तेव्हा आधी ते पाहावे. तेथे महिनोन् महिने काही हालले नाही तर लेखी विचारावे, पत्राची पोहोच घ्यावी. टपालाने पाठवावयाचे असेल तर रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले असले तरी पोहोचीची सोय आहे. स्वतः नेऊन द्यावयाचे असेल तर दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक मागून घ्यावा. शिक्का मागण्यात उद्धटपणा नाही, न मागण्यात भिडस्तपणा मात्र आहे.

त्यावरही मौनच राहिले तर कायदा आहे. आपल्या राज्यात दप्तर दिरंगाईचा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा अधिनियम सांगतो की, कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे धारिका सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क दिला. तेथेही प्रश्न विचारण्याची रीत तीच: ‘माझी निवड का झाली नाही?’ असे विचारल्यास माहिती मिळत नाही, कारण ‘का’ हा अभिलेखात नोंदलेला कागद नव्हे. ‘अमुक पदाच्या छाननीची यादी कोणत्या दिनांकास अंतिम झाली, त्या यादीची प्रत द्यावी’ असे विचारल्यास मिळते. रागाच्या भरात लिहिलेल्या दहा प्रश्नांपेक्षा वहीतल्या रकान्याशी जुळणारा एक प्रश्न अधिक आत पोचतो.

आठवणी किती द्याव्यात? खाजगी ठिकाणी दोन, त्यांत तीन आठवड्यांचे अंतर, आणि मग ते प्रकरण आपल्या वहीत मिटवून दुसऱ्या दाराकडे वळावे, असे माझे मत आहे. पण हे सांगताना माझ्या मनात कारखानदारांविषयी आणि संस्थाचालकांविषयी एक तक्रार आहे, आणि ती मी दडवू इच्छीत नाही. शंभर मुलांचे अर्ज मागवावयाचे, एकाला घ्यावयाचे आणि नव्याण्णवांना एका ओळीचेही उत्तर द्यावयाचे नाही, ही रीत आपल्याकडे इतकी सर्वत्र झाली आहे की मुलांना तीच स्वाभाविक वाटू लागली आहे. पाव आण्याच्या काळात उत्तराला कार्ड, शाई आणि शिपाई लागे, तरी कित्येक कचेऱ्यांतून छापील नकार येत असे. आज एका कळीवर नव्याण्णव उत्तरे जातात आणि तरी ती जात नाहीत. मग मुलगा शेजारच्या काकांना विचारतो, काका त्यांच्या ओळखीच्या साहेबांना विचारतात, आणि जी ओळखीची वाट बंद करण्यासाठी अर्ज, आवक क्रमांक आणि स्मरणपत्र ही सारी योजना झाली, तीच वाट पुन्हा वाहती होते. उत्तर न देणाऱ्या संस्थेने वशिल्याविषयी तक्रार करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अंबडच्या एका कारखान्यातून अलीकडे माझ्या परिचयातल्या एका मुलीला नकाराचे पत्र आले. दोनच ओळी होत्या: या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. ती संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, याला उत्तर देतात का?” आम्ही मिळून लिहिले की, निर्णय कळविल्याबद्दल आभारी आहे, याच स्वरूपाचे पद पुढे निघाल्यास माझ्या अर्जाचा विचार व्हावा, माझा पत्ता आणि दूरध्वनी तोच आहे. तिने ते पाठविले, आपल्या वहीत त्या नावापुढच्या रकान्यात तारीख घातली, आणि वही मिटण्याआधी सार्वजनिक वाचनालयात दुपारी टिपून आणलेल्या दोन नव्या जाहिराती खालच्या ओळींत उतरवून घेतल्या.